कर्तव्य आणि कर्तव्यबुद्धी

जबलपूरचे कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक. पण त्याच्या अवतीभवती गजबजतो तो बाजार. तेथे विद्यापीठात नीतिशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “शास्त्रीबुवा, कांट आणि मिल यांची मते पाठ करून मनुष्य सज्जन होतो काय?”

कांटने १७८५ च्या आपल्या ग्रंथात दुकानदाराचाच दृष्टांत घेतला आहे. तो अजाण मुलाकडूनही रास्त भाव घेतो. पण गिऱ्हाईक टिकावे एवढ्यासाठीच घेत असेल, तर ते कृत्य कर्तव्यास धरून आहे, कर्तव्यबुद्धीचे नव्हे. मिल म्हणतो, हेतूवरून कर्त्याची योग्यता कळेल. कृत्याचे योग्यायोग्यत्व परिणामांवरूनच ठरेल. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त अशी पाश्चात्त्य मते गीतेशी ताडून पाहिली आणि बाह्य फळापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरविली.

एकदा भाषांतराचे मानधन मला चुकून दोनदा मिळाले. जादा रक्कम मी परत केली. लोकांनी सचोटीची वाखाणणी केली. परंतु पुढेमागे हिशेब तपासला जाईल हे भय नसते, तर मी ती परत केली असती काय? याचे उत्तर मला आजही देता येत नाही.

विद्यार्थ्यास मी हेच सांगितले. या अध्ययनाने मनुष्य सज्जन होईलच असे नाही. परंतु स्वतःस फसविणे त्यास पूर्वीइतके सोपे राहत नाही. तेवढेही झाले नाही, तर ती केवळ परीक्षेची तयारी होय.