नगराचा तुरुंग, राज्याचे कैदी

कॅलिफोर्नियाच्या सान वाकीन खोऱ्यात शाफ्टर, डेलानो, टाफ्ट, कोअलिंगा अशी जी लहान नगरे आहेत, त्यांच्या नगरपालिकांनी एकेकाळी रस्ते आणि पाणीपुरवठा यांच्या जोडीला आणखी एक कारभार शिरावर घेतला होता. राज्याच्या तुरुंगखात्याच्या ताब्यातील, फारसे धोकादायक न मानलेले कैदी नगराने चालविलेल्या बंदिगृहात ठेवावयाचे, पहारेकरी आणि दप्तर नगराचे असावयाचे, आणि त्याबद्दल राज्याच्या खजिन्यातून दर कैद्यामागे दररोजचा ठरीव दर घ्यावयाचा, असा तो करार होता.

या नगरांनी तो निव्वळ लोभाने पत्करला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टाफ्ट आणि कोअलिंगा तेलविहिरींच्या आधाराने वाढलेली, शाफ्टर आणि डेलानो शेतीवर जगणारी. तेलाचा भाव आणि कालव्याचे पाणी, दोन्ही गावकऱ्यांच्या हाताबाहेरची. कोअलिंगाची बाजारपेठ तर १९८३ च्या भूकंपात जमीनदोस्त झालेली. अशा ठिकाणी बारमाही पगाराची नोकरी देणारे बंदिगृह नाकारा, असे दुरून सांगणे सोपे आहे.

तुरुंग खाजगी कंपन्यांच्या हवाली करण्यावर पुष्कळ टीका झाली आहे व ती रास्त आहे. परंतु चालक लोकनियुक्त संस्था असली की तो दोष आपोआप नाहीसा होतो, हे गृहीत मला मान्य नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती इजाऱ्याने, म्हणजे वसुलाच्या मक्त्याने, दिल्या गेल्या, तेव्हा रयतेला जाच झाला तो इजारदार जात्याच क्रूर होता म्हणून नव्हे, तर प्रत्येक माणसाकडे वसुलाची बाब म्हणून पाहावयास त्या व्यवस्थेने त्याला भाग पाडले म्हणून. कोअलिंगात वसूल रयतेऐवजी सरकारकडून येत होता, हा भेद खरा. पण जमेच्या बाजूला माणसांची डोकीच मांडलेली होती. शिवाय अमेरिकेच्या जनगणनेत कैदी जेथे कोंडलेला असतो तेथील रहिवासी म्हणून मोजला जातो, म्हणजे नगराच्या लोकसंख्येतही तो भरच घालतो, आणि राज्याच्या शिक्षेवर असलेल्या त्याच माणसाला कॅलिफोर्नियात मतदानाचा अधिकार मात्र नसतो.

दर डोक्यावर बेतलेल्या या हितसंबंधाची कसोटी २०११ साली लागली. सुमारे ८०,००० कैद्यांसाठी बांधलेल्या राज्याच्या तुरुंगांत जवळजवळ दुप्पट माणसे कोंबलेली होती, व्यायामशाळांत तिमजली खाटा लावलेल्या होत्या, आणि उपचाराअभावी टाळता येण्याजोगे मृत्यू घडत होते. २३ मे २०११ रोजी ब्राउन विरुद्ध प्लाटा या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, ही संख्या मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश कायम केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून हलक्या गुन्ह्यांच्या नव्या कैद्यांचा भार राज्याऐवजी काउंट्यांवर पडू लागला, आणि नगरांचे करार संपले. माणुसकीच्या दृष्टीने जी सुधारणा, तीच या गावांच्या अंदाजपत्रकात तूट होऊन उतरली. नोकऱ्या गेलेल्या पहारेकऱ्यांचे दुःख खरे होते. म्हणूनच मी दोष त्यांना देत नाही, तर तुरुंग रिते होण्याचे दुःख वाटावे अशा स्थितीत एका सबंध गावाला आणून ठेवणाऱ्या कराराला देतो.

आदेशाची मर्यादा पाळण्यासाठी राज्याने २०१३ नंतर शाफ्टर, डेलानो, टाफ्ट येथे पुन्हा कैदी पाठविले. दुप्पट भरलेल्या तुरुंगापेक्षा काहीशे माणसांचे बंदिगृह कैद्यालाही सुसह्य वाटले असेल, हे मी नाकारीत नाही. पण मग दर डोक्यावर का ठरवावा? वर्षाचा निश्चित तनखा ठरविला असता, खाटा भरल्या काय आणि रित्या राहिल्या काय, नगराला सारखेच झाले असते. करारात कैदी सुटून गेल्यावरच्या त्याच्या वर्तनाचा, त्याच्या कामधंद्याचा हिशेब नगराकडे मागितला असता, तर सुधारणेशी नगराचा काही संबंध जडला असता.

कैदी परत न आलेल्या कोअलिंगाने मात्र आपले रिते क्लेअरमाँट बंदिगृह २०१६ साली गांजापासून औषधी अर्क काढणाऱ्या कंपनीला सुमारे ४१ लाख डॉलरांना विकले आणि कर्जाचा बोजा उतरविला. ज्या वनस्पतीच्या व्यापारासाठी त्या राज्याने दीर्घकाळ माणसांना तुरुंगात धाडले, तिच्याच उत्पन्नाकडे नगराला वळावे लागले. ज्या राज्य सरकारने गरज होती तोवर या गावांकडून तुरुंग चालवून घेतले, त्याने करार मोडताना तेथील कामगारांच्या दुसऱ्या धंद्याची तरतूदही त्याच कागदात करावयास हवी होती.