सोन्यावर कोरलेला त्याग



१८ व्या शतकाच्या मध्यास लंडनमधील श्रीमंत मंडळी खिशात सोन्याचे घड्याळ बाळगीत. त्याच्या झाकणावर ठोकून उठवलेले चित्र आणि भोवती शिंपल्यांची, वळणदार पानांची ‘रोकोको’ नक्षी असे. जॉर्ज मायकेल मोझर (१७०६–१७८३) हे या कामातील नामवंत कारागीर.

अशा झाकणांवर एक प्रसंग आढळतो. इ. स. पूर्व २०९ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने स्पेनमधील नवे कार्थेज जिंकले. तेथील एक बंदिवान तरुणी त्याने सन्मानाने तिच्या वाग्दत्त वराच्या स्वाधीन केली आणि तिच्या आईवडिलांनी आणलेले सोनेही त्या दोघांनाच आहेर म्हणून दिले, असे इतिहासकार लिव्ही सांगतो.

सोने सोडणाऱ्याचे चित्र, तेही सोन्यावर! मग हे ढोंगच का? आपण इतक्या घाईने निवाडा करू नये. वेळ पाहताना दर खेपेस बोटांना तो उठाव लागे आणि हाती आलेलेही सोडता येते, याची आठवण होई. मात्र आठवण म्हणजे आचरण नव्हे. चिन्ह फक्त प्रश्न विचारते. उत्तर आपल्या वागण्यातूनच द्यावे लागते.

आपणही अंगावर चिन्हे बाळगतो. ती आपल्याला काय विचारतात?