ओढल्याशिवाय कळत नाही

सांख्यांनी जाणणारा आणि करणारा यांची कायमची फारकत केली. पुरुष नुसता पाहतो; करणं सारं प्रकृतीकडे. जैन दर्शनाला ही फारकत मान्य नाही. तिथे जीव हाच ज्ञाता, तोच कर्ता आणि तोच भोक्ता. शिवाय जैन मांडणीत इंद्रियांची चढण स्पर्शापासून सुरू होते. वनस्पतींसारख्या एकेंद्रिय जीवांना फक्त स्पर्श. मग चढत्या क्रमाने रस, गंध, रूप आणि शेवटी शब्द. असे वाद निव्वळ तर्काने लढायचे असतात अशी आपली समजूत आहे. पण पेशी ताण आणि दाब कसे ओळखते याविषयी गेल्या काही दशकांत जे कळलं, त्याचा या वादाशी थेट संबंध आहे. त्याचं वजन बरंचसं जैनांच्या पारड्यात पडतं, सगळं नाही.

2006 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेनिस डिशर यांच्या प्रयोगशाळेने अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी कमीजास्त कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. वरचा कोलॅजनचा लेप तोच, पोषणद्रव तोच; बदलला तो फक्त कडकपणा. मेंदूइतक्या मऊ, 1 किलोपास्कलच्या आतल्या जेलवर पेशी चेतापेशींच्या वळणावर गेल्या, 8 ते 17 किलोपास्कलवर स्नायूंच्या, तर 25 ते 40 वर हाडाच्या. खरा मुद्दा मात्र याच्या पुढचा आहे. पेशी आपल्यातल्या मायोसिन या प्रथिनाच्या जोरावर खालच्या पृष्ठभागाला सतत ओढत असते. हे ओढणं औषधाने थांबवल्यावर पेशींची ही निवडच थांबली. जेल होतं तसंच होतं, पण मऊ काय नि कडक काय, पेशीला सारखंच. कडकपणा हा गुणच असा आहे की तो नुसत्या साक्षीला दिसूच शकत नाही. किती ओढलं आणि किती सरकलं यांचं ते नातं. ओढणारा नसेल तर जाणण्याजोगं काही हाती येत नाही. टॅलिन नावाचं प्रथिन या ओढीत ताणलं जाऊन उलगडतं, त्यात दडलेल्या जागा मोकळ्या होतात, तिथे व्हिन्क्युलिन हे दुसरं प्रथिन येऊन बिलगतं आणि पकड घट्ट होते. इथे आधी ज्ञान आणि मग कर्म असा क्रम कसा लावणार?

याला ज्ञान म्हणायचं तरी कशाला, असं कोणी विचारील. वाऱ्याने दारही उघडतं, म्हणून दाराला वारा कळतो असं आपण म्हणत नाही. आक्षेप रास्त आहे. पण दार चुकू शकत नाही. जेल म्हणजे मेंदू नव्हे, तरी पेशी तिथे मेंदूत असल्यासारखी वागते. दोरीला साप समजणाऱ्याइतकाच हा स्वच्छ भ्रम आहे, आणि जिथे भ्रम संभवतो तिथे ज्ञानाची निदान पूर्वतयारी आहे असं मानावं लागतं. थर्मोस्टॅटही चुकतो, हे खरं. पण त्याची चूक ठरते ती आपल्या सोयीने. पेशीच्या चुकीची किंमत तिच्या स्वतःच्या पुढच्या आयुष्यात चुकती होते. काही आठवडे गेले, की रसायनांनी वळवू पाहिलं तरी ती धरलेली वाट सहसा सोडत नाही.

सांख्याचं उत्तर अधिक चलाख आहे. तो म्हणेल, त्वचा, मन, बुद्धी ही सगळी आम्ही आधीच प्रकृतीत टाकली आहेत. तुमच्या पेशीने खुशाल ओढावं, पुरुषाला त्याचं काय? या उत्तराने पुरुष वाचतो हे मान्य. पण वाचतो तो बेकार होऊन. मऊ-कडक निवडणं, चुकणं, वाट धरणं हे सारं त्याच्याविना पार पडत असेल, तर जाणणं समजावून सांगायला त्याची गरज लागत नाही. त्याच्याकडे उरतो तो केवळ अनुभव.

आणि नेमकं तिथेच जैनांचं पारडंही वर जातं. (पूर्वजांना सगळं ठाऊक होतं अशी आरोळी ठोकण्यात अर्थ नाही, त्यांच्या एकेंद्रियांत माती आणि पाणीही येतं, ज्यांना ताणायला पेशीचं पटलच नाही.) 2010 साली आर्डेम पटापुटियन आणि बर्ट्रांड कोस्ट यांनी उंदराच्या पेशींना सूक्ष्म नळीने टोचत, 72 जनुकं एकेक करून बंद पाडत, पेशीच्या पटलातलं, दाबाने उघडणारं पिएझो हे द्वार शोधून काढलं. ते दोन भाऊ आहेत, पिएझो 1 आणि पिएझो 2. पिएझो 2 जन्मतः निकामी असलेल्या माणसांना डोळे झाकल्यावर आपले हातपाय कुठे आहेत ते कळत नाही. म्हणजे इथे द्वार गेलं की अनुभवही जातो. पिएझो 1 मात्र रक्तवाहिन्यांच्या अस्तरात रक्तप्रवाहाचं घर्षण अष्टौप्रहर मोजत असतं आणि आपल्याला त्याची गंधवार्ता नसते. द्वारं एकाच घराण्यातली. एकाची खबर चेतातंतूंवरून मेंदूपर्यंत जाते, दुसरीचा निवाडा जागच्या जागी होतो. तेव्हा बल ओळखणं निराळं आणि ते सोसणं निराळं. ज्ञाता आणि कर्ता एकच, हे पेशीपाशी सिद्ध होतं. तोच भोक्ता आहे हे होत नाही. एकेंद्रियाला वेदना असते या दाव्यासाठी जैनांना स्पर्शाखेरीज दुसरा आधार दाखवावा लागेल.