टिकावाचा टिकाव

आपल्या भाषेंत दगडमाती फोडण्याच्या एका हत्यारास टिकाव म्हणतात, आणि वस्तूच्या तग धरण्याच्या गुणासही टिकाव हेंच नांव आहे. या साम्याकडे माझें लक्ष कधीं गेलें नसतें, पण परवां माझ्या बारा वर्षांच्या भाच्यानें संगणकावर खेळतां खेळतां मान वर करून विचारलें, "मामा, माझा टिकाव कधींच मोडणार नाहीं अशी आज्ञा या खेळांत देतां येते. दिली तर ती लबाडी होईल का?" मीं हंसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र पाठ सोडीना. टिकावाचा टिकाव किती असावा हें खेळणाऱ्यानेंच ठरवावें काय, आणि ठरवावें तर कशाच्या आधारानें, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं असें मला वाटूं लागलें.

खेळाचें नांव 'माइनक्राफ्ट'. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यांनीं तो २००९ सालीं लोकांपुढें मांडला आणि २०११ सालीं तो पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. त्यांतील सारें जग चौकोनी ठोकळ्यांचें आहे. गोष्टीचें बंधन नाहीं. अमुकच करावें अशी सक्ती नाहीं. मुलांनीं वाळूंत किल्ले करावे, तसें येथें झाडें तोडावीं, डोंगर पोखरावे, घरें बांधावीं, रात्रीं येणाऱ्या भुताखेतांशीं झुंजावें. मात्र प्रत्येक हत्याराचें आयुष्य मोजून दिलेलें असतें. लाकडी टिकाव ५९ ठोकळे फोडून मोडतो, दगडी १३१, लोखंडी २५०, हिऱ्याचा १५६१. सोन्याचा टिकाव सर्वांत झपाट्यानें चालतो, पण ३२ ठोकळ्यांतच त्याचा कारभार आटोपतो. अंगावरचें चिलखतही तडाख्यागणिक झिजतें व शेवटीं नाहींसें होतें.

या झिजेवर खेळाच्या आंतच उपाय आहेत. ऐरणीवर हत्यार दुरुस्त करतां येतें. पण प्रत्येक खेपेस किंमत वाढत जाते, आणि अखेर ऐरण काम घेण्याचेंच नाकारते. 'अनब्रेकिंग' या मंत्राच्या तिसऱ्या पायरीनें टिकावाचें आयुष्य सरासरीनें चौपट होतें. २०१६ सालीं आलेल्या 'मेंडिंग' या मंत्राची युक्ति तर मला फार आवडली: खेळणारा जो अनुभव मिळवितो, त्याच्या एकेका अंशानें हत्याराची दोन अंश झीज भरून निघते. याखेरीज आणखी एक उपाय आहे. तो जणूं खेळाच्या बाहेर उभें राहून करावयाचा. आज्ञा लिहून हत्यार अक्षय करतां येतें; आणि खेळाच्या जावा आवृत्तींत २०२४ सालापासून एखाद्या वस्तूचें आयुष्य नेमकें किती, हा आंकडाही आज्ञेंत लिहितां येतो. या सवलतीस खेळाच्या पडद्यावर 'चीट्स', म्हणजे लबाड्या, असें नांव दिलेलें आढळतें. भाच्याच्या मनांत शंका आली ती बहुधा या नांवामुळें.

लबाडी म्हटली कीं फसविला जाणारा कोणी तरी असावा लागतो. अनेक जण एका जगांत खेळत असतील, सर्वांचीं चिलखतें झिजत असतील, आणि त्यांतील एकानेंच गुपचुप अक्षय चिलखत चढविलें, तर तो सरळ अन्याय आहे. त्याविषयीं वाद नको. सर्वांच्या संमतीनें तसा नियम केला, तर अन्यायही उरत नाहीं. पण माझा भाचा एकटाच खेळतो. त्याच्या जगांत फसवावें असें दुसरें कोणी नाहीं. मग त्याला संकोच कां वाटावा?

मला वाटतें, त्याच्या संकोचास कारण होतें. भुयारांत खोल उतरलेल्या मुलाच्या हातीं झिजत आलेला टिकाव असला म्हणजे त्याला विचार करावा लागतो: आणखी पुढें जावें कीं परत फिरावें? समोर दिसणारें लोखंड घ्यावें कीं वाट मोकळी करण्यासाठीं उरलेले घाव राखून ठेवावे? टिकाव अक्षय झाला कीं हे सारे प्रश्न एकदम मावळतात. हात चालत राहतो, पण निवड करण्याचें काम उरत नाहीं. म्हणून कोणी म्हणेल कीं झिजेमुळेंच खेळाला गोडी आहे, आणि ती काढणें म्हणजे खेळच काढून घेणें होय.

हें म्हणणें मीं संपूर्ण मान्य केलें असतें. पण भाच्यानें मला खेळांतली आपली पेटी उघडून दाखविली. तींत हिऱ्याचा एक टिकाव होता, कित्येक आठवडे न वापरलेला. झिजेल या भीतीनें तो पेटींत, आणि स्वारी दगडी टिकावानें काम करीत होती! आपल्याकडे ठेवणींतला शालू असाच जपतां जपतां घडीवर विरून जातो. तेव्हां मर्यादा माणसाला विवेक शिकविते हें खरें असलें, तरी ती कंजूषपणाही शिकविते हें विसरून चालणार नाहीं. शिवाय ज्याला मोठा राजवाडा बांधावयाचा आहे, त्याचें सारें लक्ष प्रमाणांत व रंगसंगतींत गुंतलेलें असतें. त्याला घडोघडीं नवें हत्यार घडवावयास लावून काय साधेल? त्याची कसोटी निराळी आहे. त्यानें झीज बंद केली तर श्रम टाळले असें म्हणतां येणार नाहीं.

म्हणजे योग्यायोग्यतेचा निर्णय आंकड्यावरून लागत नाहीं. माझ्या मतें तो आंकडा केव्हां बदलला यावरून लागतो. खेळास आरंभ करण्यापूर्वीं, आपल्याला काय करावयाचें आहे याचा विचार करून कोणी झीज निम्मी केली, दुप्पट केली किंवा मुळींच काढून टाकली, तर त्यानें स्वतःसाठीं नियम घालून घेतला. पुढें तो नियम चुकीचा वाटला, तर भुयाराबाहेर येऊन, स्वस्थपणें त्यानें तो खुशाल बदलावा. परंतु भुयारांत अडकल्यावर, टिकाव मोडावयास आला असतां जो आज्ञा लिहितो, त्यानें नियम केलेला नाहीं; होता तो मोडला आहे. उपास करावा कीं न करावा याबद्दल मतभेद असूं शकतात. पण आज एकादशी धरावयाची कीं नाहीं हें भूक लागल्यावर ठरवूं लागलेल्या मनुष्याविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं. त्यानें दुसऱ्या कोणाचें कांहीं घेतलेलें नसतें. तरी पण अडचणीच्या वेळीं आपलाच शब्द आपल्यावर चालत नाहीं हें त्याला कळून चुकतें, आणि पुढच्या खेपेस तो शब्द आणखी हलका होतो. एकट्याच्या जगांत फसविला जातो तो, काल नियम घालून घेणारा आपण स्वतःच.

आपल्या शरीराची झीज किती व्हावी हें ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. पण पहांटे केव्हां उठावें, महिन्याकाठीं किती शिल्लक टाकावी, रागाच्या भरांत काय बोलूं नये, हे नियम बहुतांशीं आपणच घालतों, आणि ते सैल करण्याची आज्ञाही आपल्याच हातीं असते. तेथें पहारेकरी कोणी नसतो. त्या मुलाचा प्रश्न मला पोरकट वाटेनासा झाला तो याच कारणानें.

गेल्या रविवारीं हें सारें मीं त्याला थोडक्यांत सांगितलें. तो लगेच म्हणाला, "मग आतां देऊं का आज्ञा?" मीं विचारलें, "टिकाव किती उरला आहे?" तो जरा अडखळला व म्हणाला, "चार ठोकळ्यांपुरता." "मग आज नको," मीं म्हटलें, "नवें जग सुरू करशील त्या दिवशीं ठरव." त्यानें थोडा वेळ पडद्याकडे पाहिलें. मग ते चार घाव त्यानें परतीच्या वाटेवर खर्च केले, घरीं आला, आणि पेटींतला हिऱ्याचा टिकाव काढून पुन्हां भुयारांत उतरला.