बंध किती आयनिक?

1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात वऱ्हाडाला समुद्र लागला नाही. अकोला जिल्ह्यातील दहिहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला गेला. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. वर काळ्या मातीत पऱ्हाटी, खाली खारे पाणी. दहावीच्या पोरांना विचारला जाणारा 'बंध आयनिक की सहसंयुज?' हा प्रश्न इथे पायाखालीच आहे. माझा आक्षेप त्यातल्या 'की'ला आहे.

बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची कुवत म्हणजे विद्युतऋणता. लायनस पॉलिंग यांनी 1932 मध्ये तिला आकडे दिले. आजच्या कोष्टकात सोडियम 0.93, हायड्रोजन 2.20, कार्बन 2.55, क्लोरीन 3.16, ऑक्सिजन 3.44 आणि सर्वांत वर फ्लोरीन 3.98. दोन अणूंच्या आकड्यांत जितका फरक, तितका बंध आयनिकतेकडे झुकतो. फरक 1.7 च्या आसपास गेला की पॉलिंग यांच्या सूत्रानुसार बंध साधारण निम्मा आयनिक ठरतो. म्हणजे 1.7 ही अर्ध्या वाटेवरची खूण; पाठ्यपुस्तकांनी तिचे कुंपण केले.

हेच सूत्र खारपाणपट्ट्याला लावून पाहू. मिठातला फरक 2.23, आयनिकता सुमारे 71 टक्के. पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधात फरक 1.24, म्हणजे 32 टक्के. कापसाच्या सेल्युलोजमधला कार्बन-ऑक्सिजन बंध 18 टक्के, तर सरकीच्या तेलात भरलेला कार्बन-हायड्रोजन बंध जेमतेम 3 टक्के. मीठ पाण्यात विरघळते, धुतलेला कापूस पाणी शोषतो पण विरघळत नाही, तेल पाण्यापासून फटकून राहते. वागण्यातला हा चढउतार दोन खणांत बसत नाही. टक्क्यांत तो बराचसा दिसतो.

पण टक्क्यांवरही आंधळा विश्वास नको. सोडियम हायड्राइडमधला फरक 1.27, जवळजवळ पाण्यातल्या बंधाइतकाच. तरी ते आयनिक स्फटिक आहे आणि पाणी रेणूंचे बनलेले. कारण सोडियम आपला इलेक्ट्रॉन सहज सोडतो, तर पाण्यातल्या बंधाचे दोन्ही अणू आपापले इलेक्ट्रॉन घट्ट धरून असतात, म्हणून वाटून घेतात. उलट हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक 1.78, कुंपणापलीकडचा हा पदार्थ 19.5 अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या रेणूंचा निघतो. तेव्हा फरकाबरोबर मूळ आकडेही पाहावे लागतात, आणि अणूंची रचनाही.

शिवाय एकाच पदार्थात दोन्ही तऱ्हेचे बंध नांदतात. इथल्या जमिनीतला सोडियम चिकणमातीच्या कणांना आयन म्हणून चिकटतो, माती फुगते आणि पाणी मुरत नाही. त्यावर जिप्सम टाकतात. जिप्सममधला कॅल्शियम आणि सल्फेट यांच्यातला बंध आयनिक. पाण्यात तो सुटतो. सल्फेटच्या आतला गंधक-ऑक्सिजन बंध मुख्यतः सहसंयुज; तो तसाच टिकतो. मोकळा झालेला कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकावतो, आणि निचरा असेल तर तो सोडियम वाहून जातो. जमीन सुधारण्याचा हा उपाय एकाच पदार्थातल्या कमीजास्त आयनिकतेवर चालतो.

पाणी परीक्षणाच्या अहवालात विहिरीचे पाणी 'खारे' किंवा 'गोडे' एवढेच लिहिले, तर शेतकरी तो कागद परत करील. त्याला ईसीचा, म्हणजे विद्युतवाहकतेचा, आकडा हवा असतो, कारण कोणते पीक घ्यायचे हे त्यावर ठरते. मग त्याच्या पोराने उत्तरपत्रिकेत नुसते 'आयनिक' लिहून पूर्ण गुण का मिळवावेत? विज्ञान शिक्षकांना विनंती एवढीच: 'कोणता बंध?' या प्रश्नाला 'किती, आणि कशावरून?' हे शब्द जोडा.