दैव पाचवे

लांबच्या प्रवासाआधी गाडीची पूजा करावी की तपासणी, हा वाद फारसा होत नाही, कारण बहुतेक घरांत दोन्ही होते. अवघड प्रश्न त्याच्या पलीकडे आहे. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने अपघाताची तजवीज केली, तर त्या भरवशात उणेपणा येतो का? आणि सगळी तजवीज झाल्यावर पूजेला काम काय उरते?

नागपुरात हा प्रश्न पोथीत राहत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ इथेच एकमेकांना छेदतात आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इथूनच सुटतो. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस या मार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ जण दगावले. पुढे काही दिवसांतच, अपघात टळावेत म्हणून तिथे महामृत्युंजय यंत्र बसवून सामूहिक जप झाला. त्याला आक्षेप घेतला गेला आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. जप करणाऱ्यांची कळकळ खोटी ठरवण्याचे कारण नाही. घोटाळा होता तो दाव्यात. यंत्राने रस्ता निर्धोक झाला असे एकदा मानले, की टायर, वेग आणि डोळ्यांवरची झोप यांच्याकडे बघायला कोणी उरत नाही.

शास्त्रांची भूमिका याहून सावध आहे. एका चाकावर रथ चालत नाही, तसे प्रयत्नावाचून दैव फळत नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे येतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ देह असा करतात. प्रवासापुरते ते वाहन धरले तरी बिघडत नाही. मग कर्ता म्हणजे चालक, करणे म्हणजे ब्रेक, दिवे आणि टायर, चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष गाडी हाकणे. अंधारातून अचानक आडवी आलेली रोही (नीलगाय) हे दैव. ते नाकारलेले नाही, पण मोजणीत पाचवे आहे. पहिली चार न तपासता पाचव्यावर बोट ठेवणे ही श्रद्धा नव्हे, ती पळवाट आहे.

इतर परंपराही फार वेगळे सांगत नाहीत. नागपूरच्याच ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर चादर चढवून निघणाऱ्या प्रवाशाच्या धर्मात तिर्मिझींच्या संग्रहातली एक हदीस प्रसिद्ध आहे: आधी उंट बांधायचा आणि मग अल्लावर भरवसा ठेवायचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे धम्मदीक्षा झाली त्या दीक्षाभूमीची परंपरा तर ‘अप्रमाद’ म्हणजे अखंड जागरूकता हाच बुद्धाचा अखेरचा उपदेश मानते. विदर्भातून धान्य आणि मीठ बैलांवर लादून नेणारे बंजाऱ्यांचे लमाण तांडे देवाचे नाव घेऊनच निघत. तरी पाणी कुठे मिळेल आणि मुक्काम कुठे पडेल, हे नायकालाच ठरवावे लागे.

आजचा तांडा म्हणजे कॅरॅव्हॅन. चूल, बिछाने आणि पाण्याची टाकी घेऊन धावणाऱ्या या घरासाठी महाराष्ट्राने २०२१ मध्ये पर्यटन धोरणही आणले. निघण्याआधी नागपूरच्या टेकडी गणपतीपुढे अशी गाडी उभी राहते, बॉनेटवर स्वस्तिक निघते, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबे ठेवतात आणि गाडी ती चिरडत पुढे सरकते. लिंबू ठेवायला वाकलेल्या माणसाच्या नाकासमोरच टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. अशा उन्हात तापलेल्या काँक्रीटवर, घरभर सामान लादून, जुना आणि हवा कमी असलेला टायर ताशी १०० च्या वेगाने पळवणे म्हणजे तो फुटण्याची वाट पाहणे. वाकलेच आहे तर ते आकडे वाचावेत आणि टायर थंड असतानाच हवा मोजावी. गाडी सुरू होण्याआधी गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का तेही बघावे. पूजेच्या त्या दहा मिनिटांत हे सहज उरकते आणि त्याने पूजेला बाधही येत नाही.

उलट पूजेला इथेच अर्थ येतो. चालकाच्या हाती आपल्यामागे बसलेल्यांचा जीव आहे, ही जाणीव वेळापत्रक देत नाही. निघण्यापूर्वी हात जोडून क्षणभर थांबल्याने ती येऊ शकते. मात्र पूजेने गाडीला कवच मिळते, या समजुतीला कशाचाच आधार नाही.

मुहूर्ताचेही तसेच. मुहूर्त रात्री दोनचा आणि चालक दिवसभर राबलेला, अशा वेळी कोणाचे ऐकावे? रूढीनेच यावर तोड काढून ठेवली आहे. मुहूर्तावर निघणे जमत नसेल तर सुपारी, तांदूळ किंवा एखादे वस्त्र प्रवासाच्या दिशेच्या घरी नेऊन ‘प्रस्थान’ ठेवायचे आणि माणसांनी सोयीने पुढच्या काही दिवसांत निघायचे. त्या रात्री चालकाला झोपू द्यावे आणि शेजारी प्रस्थान ठेवावे. शास्त्राची त्याला हरकत नाही.