सणातले घर आणि पाहुण्याची नजर

इंग्लंडमध्ये डिसेंबर लागला, की एकोणिसाव्या शतकातील कितीतरी घरे, ज्यांत आज कोणीच राहत नाही, सणासाठी सजू लागतात. जिन्याच्या कठड्यावर सदाहरित पानांच्या माळा चढतात, दिवाणखान्यात झाड उभे राहते, जेवणाचे टेबल मांडले जाते. आणि ज्यांच्यासाठी ते मांडलेले असते त्यांच्यापैकी एकही येणार नसतो. येतात ते तिकीट काढलेले प्रेक्षक. दोरीच्या अलीकडे उभे राहून ते टेबलाकडे पाहतात, हलक्या आवाजात बोलतात आणि पुढच्या खोलीत जातात. या रिवाजात उघड असे गैर काही नाही. त्या पैशांतून घरांची छपरे शाकारली जातात हे आहेच. तरीही दुसऱ्याच्या, त्यातून मृत माणसांच्या, घरातला सण पाहणे ही कृती वाटते तितकी निरागस आहे काय? घर पाहणे म्हणजे नेमके काय पाहणे, आणि ते पाहण्याचा अधिकार येतो कशातून?

आपल्याकडे या प्रश्नाला जुन्या घरांच्या रचनेनेच एक उत्तर देऊन ठेवले होते. ओटीवर बसवायचा पाहुणा वेगळा, माजघरापर्यंत येणारा वेगळा, आणि परसदारी उभा राहणारा तर पाहुणाच नव्हे. कोण कुठवर येऊ शकतो यावरून त्याचे घराशी असलेले नाते कळत असे. त्या नात्यांत आपुलकी होती तशी क्रूरताही होती, आणि ती क्रूरता बहुतेक वेळा जातीची होती. स्मारक झालेल्या घराचा प्रेक्षक मात्र ही सगळी अंतरे एका तिकिटात ओलांडतो. तो थेट निजण्याच्या खोलीत जातो, पलंगाच्या उशाशी ठेवलेला चष्मा पाहतो, स्नानाचे टब पाहतो. कोणतेही नाते नसताना त्याला माजघर मिळते. माझ्या मते या सहलींतील नैतिक पेच मुळात इथे आहे. सजावट खरी की खोटी, ही नंतरची गोष्ट.

लंडनमधील ४८ डाउटी स्ट्रीट हे घर घ्यावे. चार्ल्स डिकन्स येथे १८३७ ते १८३९ अशी जेमतेम दोन-अडीच वर्षे राहिला. १९२५ पासून तेथे त्याचे संग्रहालय आहे आणि नाताळात ते सजवले जाते. कालगणनेचा आग्रह धरणारा माणूस येथे सहज कुरकुर करू शकेल. हे घर बांधले गेले ते व्हिक्टोरियाच्या जन्माआधी. डिकन्स येथे राहायला आला तेव्हा ती गादीवर यायची होती. ज्या 'ख्रिसमस कॅरल'मुळे डिकन्स आणि नाताळ ही जोडी अतूट झाली, ते पुस्तक १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. ते त्याने लिहिले दुसऱ्याच घरात, आणि ते घर आज उभे नाही. परंतु असल्या चुका काढणे हा अभ्यासकांचा विरंगुळा झाला. आळंदीपासून मालगुंडपर्यंत आपणही स्थळांशी आठवणी अशाच सैलपणे बांधत आलो आहोत.

त्याहून गंभीर बाब वरच्या मजल्यावरील एका लहान खोलीची आहे. डिकन्सची मेहुणी मेरी होगार्थ या खोलीत मे १८३७ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, आकस्मिक वारली. त्या धक्क्याने एकाच वेळी दोन कादंबऱ्यांचे मासिक हप्ते लिहिणाऱ्या डिकन्सचे लेखन थांबले. त्या महिन्याचे हप्ते निघाले नाहीत. याच घरात डिसेंबरात हिरव्या माळा लागतात. हे अनुचित आहे काय? मला तसे वाटत नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही असे जुने घर कुठून आणायचे? स्वतः डिकन्सने १८५१ मध्ये, वय वाढत जाते तसा नाताळ काय होतो यावर एक निबंध लिहिला आहे, आणि त्यात शेकोटीभोवतीच्या वर्तुळात मृतांनाही जागा करून दिली आहे. मृत्यू झाकणारा सण आणि मृत्यूला पाटावर बसवून घेणारा सण, यांत फरक आहे. सजवणाऱ्यांनी त्यांतला कोणता मांडला, एवढेच पाहायचे.

राजघराण्याची गोष्ट याच प्रकाशात पाहावी. १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने विंडसर येथे झाडाभोवती जमलेल्या राणी, अल्बर्ट आणि मुलांचे चित्र छापले. नाताळचे झाड इंग्लंडात त्याआधीही होते, पण सामान्य मध्यमवर्गीय घरात ते शिरले त्यात या चित्राचा वाटा मोठा. आजच्या सजवलेल्या दिवाणखान्यांतून दिसते ते वस्तुतः हेच चित्र, पुनःपुन्हा उभे केलेले. पण डिसेंबर १८६१ मध्ये अल्बर्ट विंडसरलाच वारला, आणि त्यानंतर राणीचे बहुतेक नाताळ आइल ऑफ वाइटवरील ऑस्बोर्न हाऊसमध्ये गेले. साऱ्या देशाने ज्या घराचा सण उचलला, ते घर त्या सणापुरते तिला नकोसे झाले. चित्र तेवढे राहिले.

आता 'ख्रिसमस कॅरल'कडे वळतो. आमच्या पिढीतील इंग्रजी घेऊन शिकणाऱ्या मुलांना हे पुस्तक कंजूष म्हाताऱ्याच्या हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून ओळखीचे होते; परीक्षेत तेवढेच विचारत. मला मात्र अलीकडे ते वेगळ्याच कारणाने महत्त्वाचे वाटते. या कथेत स्क्रूज करतो काय? तो नाताळात इतरांची घरे पाहत फिरतो. भुते त्याला दारे न उघडता आत नेतात. बॉब क्रॅचिटचे जेवण, भाच्याच्या घरातील खेळ, खाणकामगारांची झोपडी, समुद्रातील दीपगृह हे सगळे तो पाहतो आणि तो मात्र कोणाला दिसत नाही. म्हणजे आजच्या प्रेक्षकाची हुबेहूब अवस्था. मग स्क्रूजच्या पाहण्याने स्क्रूज बदलतो आणि आपण संग्रहालयाच्या दुकानातून एक मेणबत्ती विकत घेऊन घरी येतो, असे का?

कारण स्क्रूजचे त्या घरांशी देणेघेणे आहे. क्रॅचिटच्या टेबलावरील हंस लहान आहे तो क्रॅचिटचा पगार लहान आहे म्हणून, आणि तो पगार देणारा हात स्क्रूजचा आहे. भाच्याच्या घरात कोडे घातले जाते, सगळे हसतात, आणि उत्तर निघते ते स्क्रूज हेच. आपण ज्याला केवळ देखावा समजत होतो त्याच्या आत आपणच आहोत, हे त्याला जागोजाग कळत जाते. डिकन्सचे नीतिशास्त्र भाबडे आहे असा आक्षेप घेतला जातो आणि तो पुष्कळसा खरा आहे. एका रात्रीत माणूस बदलत नाही, आणि एका मालकाने पगार वाढवल्याने लंडन बदलले नाही. पण पाहणाऱ्याचे पाहिल्या गोष्टीशी नाते असते, एवढे डिकन्सने अचूक ओळखले होते. ते नाते सापडले नाही तर नजर नुसती फिरत राहते.

सजवलेल्या घरातून फिरणाऱ्या आजच्या इंग्रज माणसाने ते नाते कुठे शोधावे? तो बहुधा चुकीच्या जागी शोधतो. टेबलाकडे पाहताना तो मनाने खुर्चीत बसतो. वाढणाऱ्याच्या जागी स्वतःला क्वचितच कल्पितो. वास्तविक त्याची पणजी खुर्चीत असण्यापेक्षा तळघरात असण्याचाच संभव अधिक. १८९१ च्या शिरगणतीत इंग्लंड व वेल्समधील दहा लाखांहून अधिक स्त्रिया घरगुती नोकरीत होत्या. स्त्रियांचा इतका मोठा दुसरा व्यवसाय त्या देशात नव्हता. आणि सण म्हणजे या स्त्रियांच्या कामाचा कळस. वरच्या मजल्यावर प्रत्येक खोलीत शेगडी पेटायची, म्हणजे कोळसा जिन्याने वर जायचा आणि राख खाली यायची. हॅना कलविक या मोलकरणीने १८५४ पासून अनेक वर्षे लिहिलेली रोजनिशी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन केलेली आहे, १९८४ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. घासलेल्या पायऱ्या, काळ्या केलेल्या शेगड्या, पॉलिश केलेले बूट यांच्या त्या नोंदी वाचल्या, की दिवाणखान्यातील चकाकी कुणाच्या कोपरापासून सुरू होते ते कळते. सणाचे दिवस तिच्याकडे मुख्यतः कामाचे दिवस म्हणून येतात.

डाउटी स्ट्रीटच्या तळघरात कपडे धुण्याची खोली आहे आणि कपडे उकळण्याचे मोठे तांब्याचे भांडेही. 'कॅरल'मध्ये क्रॅचिटबाईंचे पुडिंग अशाच भांड्यात शिजते आणि उघडताना त्याला धुण्याच्या दिवसाचा वास येतो. त्यांचा हंस तर घरी भाजलेलाच नाही, तो बेकरीच्या भट्टीतून येतो; कारण गरिबाच्या घरात भट्टी नसे. या तपशिलांत जे सत्य आहे ते कोणत्याही माळांनी सजवलेल्या जिन्यात सापडत नाही. त्याच पुस्तकात पुढे, मेलेल्या स्क्रूजच्या पलंगाचे पडदे आणि अंगातला सदरा मोलकरीण व धोबीण भंगारवाल्याला विकतात. घरातील वस्तूंकडे नोकरांच्या डोळ्यांनी पाहिल्याचा हा प्रसंग भेसूर आहे खरा. पण आज ज्या पडद्यांना हात लावू नये अशी पाटी असते, त्या पडद्यांची धूळ कोण झटकत होते याची आठवण देणारा प्रसंगही हाच.

अलीकडच्या काळात ही उणीव जाणत्या लोकांच्या लक्षात आली आहे. वेल्समधील एरडिग या वाड्यात प्रेक्षकांचा प्रवेशच नोकरांच्या बाजूने ठेवला गेला. तेथील यॉर्क कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नोकरांची चित्रे काढून घेऊन त्यांवर पद्ये रचली होती. बर्मिंगहॅममध्ये पाठीला पाठ लावून बांधलेल्या मजुरांच्या घरांचा एक चौक २००४ पासून पाहायला खुला आहे. हे स्वागतार्ह आहे. तरी एक शंका राहते. स्वयंपाकघर दाखवल्याने कष्ट दिसतातच असे नाही. घासूनपुसून ओळीने टांगलेली तांब्याची पातेली दिवाणखान्याइतकीच गोजिरी दिसतात. हात गेलेले असतात, पातेली उरतात. दारिद्र्यालाही सजवता येते, आणि सजवलेल्या दारिद्र्यासारखे मन निश्चिंत करणारे दुसरे काही नाही.

मराठी वाचकाचे या घरांशी नाते काय? नाताळ हा शब्दच मुळी आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. सण परका म्हणून सोडून देण्याइतका तो आपल्याला परका नाही. पण त्याहून जवळचा धागा ऑस्बोर्नमध्येच आहे. राणीच्या उतारवयात नाताळची झाडे आणि भेटी जेथे मांडल्या जात, ते तेथील दरबार दालन १८९० नंतर उभे राहिले. त्याची कल्पना लॉकवुड किपलिंगची. हा गृहस्थ १८६५ पासून दहा वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवीत होता. प्रत्यक्ष नक्षीचे काम लाहोरमधील त्याचे शिष्य व सहकारी भाई राम सिंग यांनी इंग्लंडात राहून पार पाडले. शेकोटीच्या वर पांढऱ्या गिलाव्याचा मोर पिसारा पसरून बसला आहे. बाहेरच्या बोळात रुडॉल्फ स्वोबोदाने रंगवलेली हिंदी माणसांची चित्रे टांगली आहेत. त्यांत खुद्द राम सिंग आहेत, आणि बक्षीराम नावाचा वृद्ध कुंभार आहे. हा कुंभार १८८६ च्या लंडनमधील वसाहती प्रदर्शनात आपली कारागिरी दाखवायला नेलेल्या मंडळींपैकी. त्या मंडळींतील पुष्कळजण आग्र्याच्या तुरुंगात हे काम शिकलेले होते. राणीने त्यांची चित्रे आस्थेने काढून घेतली यात संशय नाही. त्या आस्थेने तुरुंग आणि दिवाणखाना यांच्यामधले अंतर कमी झाले असे मात्र म्हणता येत नाही. २०२० मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचा वसाहतींशी वा गुलामगिरीशी असलेला संबंध नोंदवणारा अहवाल काढला, तेव्हा काही लोक संतापले. घर पाहायला आलेल्या माणसाला हिशेब कशाला दाखवता, असा त्यांचा सूर होता. स्क्रूजला भुतांनी हिशेबच दाखवला होता, हे ते विसरले.

राणीपर्यंत किपलिंगचे नाव गेले ते तिचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट याच्यामुळे. त्याच्या बॅगशॉट पार्क या घरात किपलिंग आणि राम सिंग यांनी हिंदी धाटणीचे कोरीव दालन आधीच केले होते. हाच ड्यूक मुंबई इलाख्यात सेनापती असताना १८८८ मध्ये पुण्यात त्याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. दागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश खेड्यांत आहे, हे आपल्या आईला सांगा, असे त्यांनी त्याला सुनावले. निरोप्याच्या घरात देश पोचला तो कोरीव लाकडाच्या रूपाने, आणि आईच्या घरात गिलाव्याच्या मोराच्या रूपाने.

गंज पेठेतील फुल्यांचा वाडाही त्याच काळातला, व्हिक्टोरियाच्याच राज्यातला. तेथे दिवाणखाना पाहायला कोणी जात नाही. जातात ते हौदासाठी, जो १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला करण्यात आला. परसदारी थांबवलेल्या माणसाला त्या घराने पाणी भरायला आत घेतले. ऑस्बोर्नचे दरबार दालन बांधले जात असतानाच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव वारले.